उत्क्रांतीच्या शास्त्रातून माणसाचं वागणं, समाज आणि रूढी खरंच उलगडतात का?

तुम्ही विचारलंय की उत्क्रांतीचं शास्त्र प्राण्यांपुरतं ठीक, पण माणसाचं वागणं, समाज, रूढी यांचं उत्तर त्यात खरंच आहे, की ‘बळी तो कान पिळी’ला दिलेला तो विज्ञानाचा मुलामा आहे? मी मालवणजवळच्या गावात राहते आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझं उत्तर ‘हो, उलगडतात’ असं आहे. मात्र लोक उठसूट ज्यासाठी उत्क्रांतीचं नाव घेतात, त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टी त्यातून चांगल्या उलगडतात.

‘बळी तो कान पिळी’चं आधी मिटवते. ‘जो सर्वांत लायक तोच टिकतो’ हे शब्द हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने १८६४ साली वापरले, डार्विनने ते पुढे उचलले. माणसाच्या उत्पत्तीबद्दल १८७१ साली लिहिताना डार्विनने मांडलं ते असं, की ज्या टोळीत एकमेकांसाठी झीज सोसणारी माणसं जास्त, ती टोळी इतरांना भारी पडेल.

आता आमच्याकडची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, घ्या. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला येते आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभी राहिलेली माणसं ओढू लागतात. तारली, बांगडे, पेडवे, जे काय लागेल ते वर येतं, विकलं जातं आणि वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. रस्त्याने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी तो रिकाम्या पिशवीने परत जात नाही. एखाद्याने जोर न लावता नुसता दोर धरून ठेवला तरी जाळं वर येणारच आणि त्याचा वाटा पडणारच. मग सगळेच तसं का करत नाहीत? उत्क्रांतीच्या अभ्यासकांना सर्वांत जास्त छळलेला प्रश्न हाच आहे.

जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली एक उत्तर दिलं: जितकं रक्ताचं नातं जवळचं, तितकी झीज सोसणं परवडतं, कारण नातेवाइकात आपलीच जनुकं असतात. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये दुसरं दिलं: आज मी तुझ्यासाठी, उद्या तू माझ्यासाठी, आणि जो फसवेल त्याला पुढच्या वेळी कोणी विचारणार नाही. रापणीवर कामचुकार माणूस लगेच लक्षात येतो आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर त्याचं नाव होतं. ही चहाडी फार महत्त्वाचं काम करते, असं मला मनापासून वाटतं.

पण नुसत्या रक्ताच्या हिशेबाने भागत नाही. रक्ताने मोजलं तर चुलतभाऊ आणि मामेभाऊ आपल्याला सारखेच, दोघांशीही सरासरी एक अष्टमांश जनुकं सामाईक. तरी कोकणात भावकी वेगळी आणि मामाकडचे वेगळे. पालखीचा मान, देवळातल्या पाळ्या, सामाईक जमिनीचे तंटे हे सगळं भावकीत चालतं. सुतकसुद्धा भावकीचं पूर्ण धरतात, मामाकडचं त्याहून कमी. असं का?

इंडोनेशियातल्या लामालेरा गावचे लोक होड्यांतून जाऊन देवमाशाची शिकार करतात आणि कुठला तुकडा कोणाचा हे आधीच ठरलेलं असतं. मानवशास्त्रज्ञ मायकेल अल्वार्ड यांनी तिथले तांडेल-खलाशी कसे जमतात ते तपासलं. एका होडीत कोण बसणार हे रक्ताच्या जवळिकीपेक्षा बापाकडच्या कुळावरून जास्त नीट सांगता येत होतं. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं. रक्ताचं गणगोत प्रत्येकाचं वेगळं असतं: माझा मामेभाऊ माझ्या चुलतभावाचा कोणीच लागत नाही. कुळाचं तसं नाही. त्यात कोण आहे आणि कोण नाही यावर वाद होत नाही, म्हणून होडी भरायला कुळ सोयीचं. भावकीकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघते.

याच लामालेरात आणि इतर छोट्या समाजांत एक खेळ खेळवला गेला. एकाला पैसे द्यायचे, त्याने अनोळखी दुसऱ्याला किती द्यायचे ते ठरवायचं, दुसऱ्याने नाकारलं तर दोघांनाही काही नाही. लामालेराच्या लोकांनी सरासरी निम्म्याहून जास्त देऊ केले, तर पेरूतल्या माचिगेंगा लोकांनी, जिथे घराबाहेर फारसं एकत्र काम होत नाही, जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे न्यायाची कल्पनाही कामाच्या पद्धतीसोबत घडते आणि पुढच्या पिढीकडे जाते.

रूढींचंही तसंच. फिजीच्या यासावा बेटावर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना काही मासे वर्ज्य असतात, त्यात मुशी (शार्क) येते. कारण विचारलं तर बाळाची कातडी खरखरीत होते, असं काहीतरी सांगतात. जोसेफ आणि नॅटली हेनरिक या संशोधकांनी वर्ज्य माशांची यादी विषबाधा करणाऱ्या माशांशी ताडून पाहिली आणि ती चांगलीच जुळली. प्रवाळांवरच्या सूक्ष्म जीवांपासून सुरू होणारं हे विष मोठ्या माशांत साठतं. बायकांना ते ठाऊक नसतं, त्या आई-सासूकडून आणि जाणत्या बायकांकडून नियम शिकतात.

आमच्याकडे नेमकं उलट. मी बाळंतीण असताना सासूबाई मोरीचं, म्हणजे मुशीचंच, कालवण वाढत म्हणायच्या, “खा गो, दूध येतला.” मासा तोच, नियम उलटे. कोकणच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळांचे खडक नाहीत, तेव्हा फिजीची बंदी इथे का उगवली नाही ते समजतं. पण म्हणून मोरी वाढण्यामागे पूर्वजांचं गुपित शहाणपण आहे, असं म्हणायला मी तयार नाही. मोठ्या मुशींच्या अंगात पारा साठतो आणि डॉक्टर पाजणाऱ्या आईला त्या टाळायला सांगतात. सजीवांच्या प्रत्येक गुणामागे उपयोग शोधायच्या सवयीवर गूल्ड आणि लेवोंटिन या जीवशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच झोड उठवली होती, ती आजही लागू आहे, रूढींनाही. हेनरिक यांचं काम मला आवडतं कारण यादी जुळली नसती तर त्यांचं म्हणणं पडलं असतं. “पुरुषांचा स्वभावच तसा, उत्क्रांतीनेच घडवलाय” म्हणणाऱ्याला विचारा, काय आढळलं तर तुझं म्हणणं खोटं ठरेल?

आणि जात, कारण तुमच्या प्रश्नामागे तीही आहे असं वाटलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांनी १९८३ सालच्या एका लेखात जातींकडे पर्यावरणाच्या अंगाने पाहिलं. फासेपारधी फास लावून हरणं-पक्षी धरत, वैदू नदीतले मासे-कासवं, नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरं. एकाच मुलखात राहून शिकारीवरून फारशी टक्कर होत नसे. व्यवस्था इतकी टिकली कशी, याचा काही भाग यातून नक्की कळतो. ती न्याय्य होती असं यातल्या एकाही ओळीतून निघत नाही, आणि तसं कोणी काढून दाखवत असेल तर मूळ लेख त्याच्यासमोर ठेवून ते कुठे लिहिलंय हे दाखवायला सांगा.