‘चक्का जाम’मधला चक्का

परवा टीव्हीवर बातम्या चालू होत्या. ‘उद्या रिक्षांचा चक्का जाम’ असं निवेदिका म्हणाली, तशी शेजारची आठवीतली मुलगी म्हणाली, “काका, चक्का श्रीखंडाचा आणि जाम पावाला लावायचा. मग यात रिक्षा कुठून आल्या?”

आधी जाम निकालात काढू. मुंबईत जामचे प्रकार भरपूर: पावावरचा जाम, उन्हाळ्यात हातगाडीवर मिळणारं ते पांढरं रसाळ फळ, आणि ‘जाम भारी’मधला जाम म्हणजे खूप. इथला जाम मात्र इंग्रजीतून आलेला, अडकून पडलेला.

राहिला चक्का. हा चक्का म्हणजे चाक. संस्कृत चक्र, प्राकृतात चक्क. पुढे मराठीने आपली नेहमीची कारागिरी केली: दोन सारख्या व्यंजनांपैकी एक गाळलं आणि आधीचा स्वर लांबवला. सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, कर्म-कम्म-काम, तसं चक्र-चक्क-चाक. पंजाबीत ही द्वित्तं अजून टिकून आहेत (सत्त, हत्थ, कम्म). चक्काही त्याच उत्तरेकडच्या घडणीचा, आपल्याकडे आला तो हिंदीबरोबर. घरचं चाक आधीपासून होतंच, म्हणून या पाहुण्याला आपण फक्त आंदोलनात बोलावतो. ‘सायकलचा चक्का बदलला’ असं मराठीत कुणी म्हणत नाही.

आणि श्रीखंडाचा? हिंदीत चक्का म्हणजे चाक, तसाच थिजून घट्ट झालेला गोळाही. दही फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला टांगा आणि सकाळी गाठ सोडा, हातात येतो तो गोळाच. माझ्या मते दोन्ही चक्के एकाच घरचे.

खरी गंमत चक्र या शब्दातच आहे. ‘फिरणे’ या अर्थाचा एक फार जुना धातू आहे. संस्कृतातला चर् (चरणे, संचार, चराचर) त्यातूनच आला. तो धातू दुहेरी करून चाकाचं नाव घडवलं गेलं. आपण गरगर, भिरभिर म्हणतो ना, तोच प्रकार. गोल फिरणाऱ्या वस्तूला नावही फिरून तेच म्हणणारं! त्याच दुहेरी शब्दापासून ग्रीकमध्ये ‘कुक्लोस’ झाला, आणि त्यातून इंग्रजीतलं सायकल. इंग्रजीतलं व्हीलही त्याच कुळातलं. म्हणजे ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो.

फारसीतला भाऊ चर्ख. गावदेवीच्या मणिभवनात ठेवलेला चरखा त्याचा, आणि रसवंतीगृहात ऊस पिळणारा चरकसुद्धा त्याचाच. (आयुर्वेदातले चरक वेगळे, त्यांना यात ओढू नका.) चक्की मात्र थेट चक्राची लेक. तिच्याच कामाचं आपलं जातं मात्र ‘यंत्र’ या शब्दापासून आलंय. भल्या पहाटे ओव्या गात आजी जे ओढायची, ते शब्दशः यंत्र होतं.

शाळेच्या पुस्तकात साधी यंत्रं शिकताना ‘चाक आणि आस’ असा धडा असतो. ही आस आशेची नव्हे. संस्कृत अक्षची आस, जशी कुक्षीची कूस आणि मक्षिकेची माशी. इंग्रजीतलं ॲक्सल याचंच नातेवाईक. चाकाचे इतर अवयव आता शहरात फारसे कानावर पडत नाहीत: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, वरून बसवलेली लोखंडी धाव. आरे तेवढे अशोकचक्रामुळे टिकले, 24.

चाकोरीही चाकाचीच. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांनी पडलेली खोल वाट म्हणजे चाकोरी. एकदा चाक त्यात गेलं की बैलांना ते बाहेर काढणं कठीण. डांबरावर चाकोरी पडत नाही, तरी दादरला रोज 8 वाजून 12 मिनिटांचीच लोकल पकडणारे आम्ही ‘चाकोरीबाहेरचं’ काहीतरी करायचं म्हणत असतो. याच मुंबईत 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली, आणि बैलांवाचून धावणाऱ्या त्या धुडाला लोक ‘चाक्या म्हसोबा’ म्हणू लागले. इतकं चपखल नाव आज कुठल्या जाहिरातवाल्याला सुचेल?

एवढं ऐकून पोरीने विचारलं, “मग चाकरमानी? चाकू?” नाही. चाकू तुर्की-फारसी वाटेने आला, आणि चाकर फारसी, नोकर या अर्थाचा. चाकरमान्याचा चाकाशी संबंध गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीपुरताच.