हरणासाठी ४५ ची ठासणीची बंदूक पुरेल का?

तू विचारलं आहेस की जूनमध्ये एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, इथे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला आल्यावर हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची बंदूक घ्यायची आहे. सगळे ५० कॅलिबर, म्हणजे अर्धा इंच व्यासाची नळी, सांगतात, पण धक्का कमी बसावा म्हणून तुला ३६ किंवा ४५ हवी. शिवाय आजोबांची सावंतवाडीची बंदूक आणता येईल का? हे शेवटचं आधी घेतो: नाही. ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची आहे, तिथेच राहू दे.

३६ विसर, ती खारींसाठी. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर फक्त चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या, बंदुकीचा हंगाम असतो. त्यात ४४ पेक्षा लहान नळी आणि दुर्बीण, दोन्ही चालत नाहीत. ओहायोत ३८ चालते, कोलोरॅडोत हरणाला ४०, पण तू राहणार इथे.

उरली ४५. इथे गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणून हिशेब सोपा आहे. ५० च्या नळीत बसणारी शिशाची गोल गोळी साधारण १७७ ग्रेन, म्हणजे तोळाच धर. ४५ ची १२८, पाऊण तोळासुद्धा नाही. गोल गोळीचा वेग मुळातच लवकर मरतो, हलकीचा आणखी लवकर. माझं मत विचारशील तर ४५ ने ५० यार्डांपलीकडच्या हरणावर बार काढू नये. तेवढ्या अंतरात, खांद्यामागे नीट फुप्फुसात बसली तर हरीण पडतं. इथल्या दाट रानात बहुतेक हरणं तेवढ्यावरच दिसतात. तू संयम राखणार असशील तर ४५ घे. एकच बंदूक घ्यायची आणि समोर शेताच्या कडेला ८० यार्डांवर मादी उभी राहिली की हात शिवशिवणार असतील, तर ५० घे. आणि धक्क्याचं म्हणशील तर ५० मध्ये दारू थोडी कमी भरली की तोही सोसतो.

घेताना नळीतल्या खाचांचा पीळ विचार. गोल गोळीला सैल पीळ लागतो, ४८ ते ६० इंचांत एक फेरा. २८ इंचांत एक म्हणाला तर ती लांबट गोळ्यांची नळी. दारूचे दाणे एफमध्ये मोजतात, एफ जास्त तितकी दारू बारीक: ४५ ला बारीक, तीन एफची. ५० ला दोन एफची. चकमकीला अस्सल काळी दारूच लागते, नव्या पर्यायी दारूला ठिणगी पुरत नाही. लहान नळी काजळीने लवकर आवळते, तिसऱ्या-चौथ्या बारानंतर गोळी ठासायचा गज रेटताना घाम फुटतो. काम झालं की त्याच दिवशी गरम पाण्याने धू, नाहीतर सकाळी गंज.

रंजक, म्हणजे चकमकीखाली बाहेर ठेवलेली पेटवणीची चिमूटभर दारू, मात्र कोरडी ठेव. पहिल्याच जानेवारीत, रिमझिम पावसात, मी चाप ओढला. कानापाशी भप्पकन जाळ झाला, बार उडालाच नाही. वीस पावलांवरची मादी माझ्याकडे बघत उभी राहिली, मग शेपटीचा पांढरा झेंडा वर करून सावकाश गेली. तेव्हापासून चकमकीवर मेण लावलेलं चामड्याचं टोपरं असतं.

आता कायदा. एच-१बीवाल्याला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट. जुन्या पद्धतीची, काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक फेडरल व्याख्येत बंदूकच नाही; पण नळी किंवा बोल्ट बदलून काडतूस उडवता येतं अशी नवी मॉडेलं त्यातून सुटत नाहीत. राज्यांचे नियम वेगळे: नदीपलीकडे न्यू जर्सीत ठासणीलाही ओळखपत्र लागतं, म्हणून तिथल्या एडिसन गावातल्या मित्राकडे ती गाडीत टाकून जाऊ नकोस. व्हिसाचा प्रश्न आहे, खरेदीआधी वकिलाला विचार. परवान्याआधी इथला शिकारीचा कोर्स करावा लागतो, तो आल्या आल्या उरक.

माझ्याकडे दोन्ही आहेत. जुलैत ये, दोन्हींनी पंचवीस-पंचवीस बार काढ, मग ठरव. येताना गादीपाटाचं अर्धा मीटर कापड आण, धुऊन खळ काढलेलं. गोळीभोवती लावायला इथे मिळतं, पण आपल्याकडचं जास्त घट्ट विणलेलं असतं.