झडप गळते, पण त्रास काहीच नाही

प्रश्न : वय ३४. तापासाठी दवाखान्यात गेले असता डॉक्टरांना छातीत मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू आला. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) 'माइल्ड एमआर', म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेची सौम्य गळती, निघालं. जिने चढताना दम लागत नाही, म्हणून गोळी दिलेली नाही. हे बरोबर आहे का? व्यायाम चालेल का? अक्कलदाढही काढायची आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोळी दिली नाही हे योग्यच. गळकी झडप घट्ट करणारी गोळी नसते. तापात किंवा रक्त कमी असताना रक्त जोरात वाहतं आणि मर्मर वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन तपासा आणि ताप उतरल्यावर छाती पुन्हा ऐकून घ्या. आवाज मोठा म्हणजे गळती मोठी, असं नसतं.

खरा प्रश्न 'माइल्ड'चा नाही, झडप का गळते याचा आहे. रिपोर्टमध्ये झडपेच्या पाकळ्यांबद्दलची ओळ वाचा. त्या जाड झाल्या असतील, किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, तर ऱ्हुमॅटिक ताप (घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा, सांधे आणि झडपा सुजवणारा ताप) हे कारण असू शकतं. हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारा. निदान तेच ठरलं, तर त्रास नसतानाही १२ लाख युनिटचं पेनिसिलीनचं इंजेक्शन साधारण दर २१ दिवसांनी घ्यावं लागतं. या तापाच्या शेवटच्या झटक्यानंतर १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. बरं वाटतं म्हणून लोक मधेच सोडतात आणि पुढच्या झटक्यात झडप आणखी बिघडते.

कारण ऱ्हुमॅटिक नसेल आणि हृदयाचा आकार व पंपिंग नॉर्मल असेल, तर इको ३ ते ५ वर्षांनी पुरतो. जुना रिपोर्ट सोबत न्या, तुलना त्यावरच होते. चालणं, पोहणं, जिम सगळं चालेल. रक्तदाब मात्र आटोक्यात हवा. तो वाढला की रक्त जास्त मागे ढकललं जातं.

दाढेचं : साध्या सौम्य गळतीला दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक लागत नाही. ते कृत्रिम झडप असलेल्यांना किंवा पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झालेल्यांना देतात. झडप ऱ्हुमॅटिक असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. दंतवैद्यांना गळतीची कल्पना मात्र द्याच. हिरड्यांतून रोज रक्त येत असेल तर त्याकडे जास्त लक्ष द्या. जंतू रक्तात शिरायची ती नेहमीची वाट आहे.

आडवं झाल्यावर दम लागला, पाय सुजले, धडधड वाढली किंवा चक्कर येऊन पडलात, तर पुढच्या इकोची वाट पाहू नका. आठवडाभर कारण न सापडणारा ताप राहिला, तर तो झडपेचा जंतुसंसर्ग असू शकतो; मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) करा. गोळी पोटात गेल्यावर जंतू सापडणं अवघड होतं.