कलेचं काहीही विचारा : माईक कुणाच्या हातात?

प्रश्न : बाई, 2019 च्या सुरुवातीला मुलाकडं केरळात गेलो होतो, तेव्हा कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, बघितलं. एका अंधाऱ्या खोलीत वरून ढीगभर माईक लोंबत होते, खाली लोखंडी सळ्यांवर कागद खोचलेले. एक आवाज काहीतरी म्हणायचा, मग सगळे एकदम. अंगावर काटा आला, पण चित्र नाही, मूर्ती नाही, ही कला कशी? शेजारचा एकजण म्हणाला, हे राजकीय आहे. त्यात राजकारण कुठलं? – एक वाचक, निपाणी

उत्तर : काटा आला म्हणताय, म्हणजे काम पोचलं. ते मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं. नाव ‘फॉर, इन युअर टंग, आय कॅनॉट फिट’. लेखनापायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेले शंभर कवी, अगदी सातव्या शतकापासूनचे. त्यांच्या ओळींचे कागद सळईनं आरपार भोसकलेले, आणि प्रत्येकावर एक माईक. गंमत अशी की त्या माईकांचे स्पीकर केलेत. आवाज घ्यायचं यंत्र तिथं आवाज देतं. चित्र आवडलं नाही तर मान वळवता येते. इथं नको असेल तर खोलीच सोडावी लागते. ज्यांचं तोंड बंद केलं त्यांच्या गर्दीत तुम्हाला उभं केलं, हेच त्यातलं राजकारण. घोषणा एकही नाही.

आपल्या बेळगाव सीमाभागात हे फार फोड करून सांगायला नको. 1 नोव्हेंबरला बेळगावात, महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी मूक म्हणून निघते (घोषणा होतातच, तो भाग वेगळा) आणि त्याच दिवशी चन्नम्मा चौकात कर्नाटकाच्या स्थापनेचे, राज्योत्सवाचे डीजे दणाणत असतात. कोण बरोबर, हे मी इथं काढत बसत नाही. 1956 पासून त्यावर कमी शाई सांडलेली नाही. पण एकदा नुसते कान लावून बघा. परवानगी कुणाच्या स्पीकरला, आणि गप्प राहणं हीच कुणाची घोषणा? आवाजावर काम करणारे कलाकार हाच प्रश्न हातात धरतात.

लॉरेन्स अबू हमदान हा त्यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो. ब्रिटनमधला कलेचा मोठा टर्नर पुरस्कार 2019 साली चौघांनी वाटून घेतला, त्यातला हा एक. नेदरलँड्समध्ये आसरा मागणाऱ्या सोमाली लोकांची बोली तिथले अधिकारी तपासून ‘हा सांगतो त्या गावचा नाही’ असं ठरवत आणि अर्ज फेटाळत. 2012 साली त्यानं भाषातज्ज्ञ आणि अर्ज फेटाळलेली ती माणसं यांना एकत्र बसवून नकाशे केले : कोण कुठं जन्मला, दुष्काळात, लढाईत कुठं पळाला, कुणाच्या शेजारी राहिला, आणि त्याच्या बोलण्यात काय काय मिसळत गेलं. भिंतीवर फक्त कागद. आवाजाची कलाकृती, आणि तिच्यात आवाजच नाही! कोल्हापुरात तोंड उघडलं की ‘तुम्ही बेळगावचे काय?’ आणि हुबळीत कन्नड बोलले की ‘तुम्ही मराठी काय?’ हे मी जन्मभर ऐकत आलेय. आपल्याला त्यात फार तर चहा मिळतो नाहीतर टोमणा. त्या सोमाली लोकांचा आसराच जायचा.

आता माझं एक भांडण. मरे शेफर नावाचा कॅनडाचा संगीतकार. भोवतालच्या आवाजांचा अभ्यास त्यानं सायमन फ्रेझर विद्यापीठात उभा केला, 1977 मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. माणूस थोर, पण यंत्राचा आवाज म्हणजे कचरा आणि रानातला तो शुद्ध, असा त्याचा कल जाणवतो. मी बेळगावच्या वडगावात मागांच्या गल्लीत राहते. धोट्याचा ठोका दिवसभर चालू. पाहुण्यांचं डोकं उठतं. पण चार माग बघणारा विणकर ह्या गोंगाटात पाठमोरा असला तरी कुठला थांबला ते सांगतो. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग आपोआप बंद पडतो आणि चार ठोक्यांतला एक गळतो, तो त्याला ऐकू येतो. लाईट गेली की गल्ली एकदम गप्प होते. पाहुणे म्हणतात, किती शांत वाटलं! विणकराची मजुरी तेवढा वेळ बुडते. तेव्हा शांतता चांगली, गोंगाट वाईट, असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारते : कुणासाठी?

प्रश्न : मग गणपतीतला डीजेही कलाच म्हणायचा का? – एक त्रासलेले आजोबा, शहापूर

उत्तर : नाही हो. माझा ‘कुणासाठी’ इथंही लागू आहे : तुमच्या छातीत धडधड होते त्याचं काय? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. एक मेख सांगते. मोजणी ज्या पद्धतीनं होते तिच्यात खर्जाचे आवाज कमी धरले जातात. म्हणून खिडकीची तावदानं थरथरतात आणि मीटर मात्र त्या मानानं सभ्य आकडा दाखवतं.

प्रश्न : बाई, मला खानापूरच्या कुंभारांचे आवाज मोबाईलवर घेऊन काहीतरी करायचंय. जमेल? – कॉलेजातली एक मुलगी

उत्तर : जमेल की गं. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर नेमक्या वेळी आईचा फोन येतो. वारा असेल तर माईकच्या भोकावर पातळ फडकं धर. हात हलवू नको, बोलू नको, प्रत्येक आवाज दोन मिनिटं तरी सलग घे. भाजलेलं मडकं टिचकी मारून तपासतात तेव्हा चांगलं खणखणतं आणि चीर गेलेलं बद्द वाजतं. ते दोन्ही घे. बद्द वाजलेल्या मडक्याचं पुढं काय होतं तेही रेकॉर्ड कर. संगीत मागून चिकटवायचा मोह आवर. आणि घ्यायच्या आधी विचार, घेतल्यावर हेडफोन त्यांच्याच कानाला लाव. काढून टाक म्हणाले तर त्यांच्यासमोर काढून टाकायचं.