वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात ढासळणारा उत्प्रेरक

प्रश्न : मिथेनॉलपासून इथिलीन व प्रॉपिलीन मिळवण्यासाठी मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात सॅपो-३४ हा सूक्ष्म पोकळ्यांचा स्फटिकी उत्प्रेरक तयार केला. मे महिन्यात भट्टीतून काढलेल्या भुकटीचा एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) आलेख उत्तम आला होता; तीच भुकटी ऑगस्टमध्ये तपासली, तेव्हा शिखरे खुजी झालेली दिसली. रंगही करडा आहे. संश्लेषण चुकले असेल का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : मे महिन्यातला आलेख चांगला होता, त्याअर्थी संश्लेषण नीट झाले होते, बिघाड नंतरच्या साठवणुकीत आहे. ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पात्रात) सुमारे २०० अंश सेल्सिअसला हे स्फटिक वाढतात, तेव्हा त्यांच्या पोकळ्या मॉर्फोलिनसारख्या सेंद्रिय साचा-रेणूंनी (ज्यांच्याभोवती सांगाडा घडतो त्यांनी) भरलेल्या असतात आणि तोवर पाण्याला आत फारसा वाव नसतो. ५५० अंशांना भाजल्यावर साचा जळून जातो, अभिक्रिया घडवणारी आम्लकेंद्रे उघडी पडतात, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत टिकलेली भुकटी पावसाळी हवेतले बाष्प शोषू लागते; मग सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांना जोडणारे ऑक्सिजनचे बंध खोलीच्या तापमानालाही तुटू शकतात. नवल असे, की हाच पदार्थ अभिक्रियेत ४००-५०० अंशांना वाफेत टिकून राहतो, आणि तिथे वाफ थोडीथोडकी नसते : ६४ ग्रॅम मिथेनॉलपासून २८ ग्रॅम इथिलीन झाले, तर ३६ ग्रॅम पाणी सुटते. त्या तापमानाला पाणी पोकळ्यांत साचून राहत नाही, हाच फरक आहे.

करडा रंग बहुधा अर्धवट जळलेल्या साच्यातून उरलेल्या कार्बनचा आहे. मुशीत भुकटीचा जाड थर असला, की तळाशी हवा पोहोचत नाही. थर पातळ पसरावा, तापमान मिनिटाला एक-दोन अंशांनीच वाढवावे आणि वाहत्या हवेत ५५० अंशांना पाच-सहा तास ठेवावे. हा कार्बन राहिला, तर जेमतेम ३.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) रुंदीच्या खिडक्यांमागच्या पोकळ्या आधीच अडतात. अभिक्रियेत त्या कोकने (साचणाऱ्या कार्बनी अवशेषाने) भरतातच, म्हणून तर कारखान्यात उत्प्रेरक सतत फिरता ठेवून वेगळ्या पात्रात हवेने जाळून स्वच्छ करतात.

जुना नमुना कोरडा करून पुन्हा एक्सआरडी घ्यावा. शिखरे परतली, तर नुसतेच पाणी शोषले गेले होते. परतली नाहीत, तर सांगाडा ढासळला आहे आणि त्या नमुन्यावर उत्प्रेरणाचे प्रयोग करू नयेत. यापुढे साठा साच्यासहितच ठेवावा, चाचणीपुरतीच भुकटी आदल्या दिवशी भाजावी, आणि ती गरम असतानाच घट्ट बुचाच्या कुपीत भरून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी.