बाहेर पडली आणि पडली तर?

“आई घरात स्वतःचे सगळे स्वतः करते. बाहेर मात्र महिन्यातून एकदा, तेही डॉक्टरांकडे. बाहेर पडली आणि पडली तर? त्यापेक्षा घरीच बरी, नाही का?” ७८ वर्षांच्या आईंना घेऊन आलेल्या मुलीचा हा प्रश्न मी शब्दांच्या थोड्याफार फरकाने अनेकांकडून ऐकला आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी बोलत होती तेव्हा माझे लक्ष आईंच्या चपलांकडे गेले. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या त्या चपलांचे तळवे अजून कोरे होते. उठताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, तीनदा पुढे झोका घेतला, तेव्हा कुठे त्या उभ्या राहिल्या. जिन्यात एकदा चक्कर आल्याचे निमित्त झाले आणि बँक मुलाकडे, औषधे आणणे जावयाकडे, किराणा फोनवर, अशी एकेक कामे त्यांच्या हातून प्रेमाने काढून घेतली गेली होती.

“सगळे स्वतः करते” म्हणजे काय, हे मी नेहमी खोदून विचारते. आंघोळ, कपडे, जेवण ही कामे बहुधा शेवटपर्यंत टिकतात. पैशांचे व्यवहार, खरेदी, एकट्याने प्रवास ही आधी सुटतात आणि त्यांतली बरीचशी उंबऱ्याबाहेरच असतात. म्हणून मी गेल्या चार आठवड्यांचा हिशेब मांडायला सांगते: खोलीबाहेर, अंगणात, वस्तीत, गावात आणि गावाबाहेर किती वेळा गेलात, कुणाच्या किंवा काठीच्या आधाराने गेलात का? डॉक्टरांकडची फेरी सोडली, तर आईंचा हिशेब दारापाशीच संपला.

अशक्त माणूस बाहेर जात नाही, यात नवल काय, असे मुलीने विचारले. शंका रास्त होती. पण जेरुसलेममध्ये १९२०-२१ साली जन्मलेल्यांचा जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्यात सत्तराव्या वर्षी स्वावलंबी असलेल्या लोकांकडेच पाहिले, तरी त्यांच्यापैकी जे रोज बाहेर पडत नव्हते, त्यांना सत्त्याहत्तराव्या वर्षी दैनंदिन कामांसाठी इतरांवर अवलंबून राहावे लागण्याची शक्यता अधिक दिसली. वापर थांबला की मांड्यांचे बळ आणि तोल दोन्ही कमी होतात, त्यामुळे पडण्याची भीती वाढते आणि त्या भीतीने बाहेर जाणे आणखी कमी होते. शिवाय पडायला घरातली न्हाणीघराची ओली फरशीही पुरते.

आधी चकरेचे कारण, चालू औषधे, नजर आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब हे सगळे डॉक्टरांकडून तपासून घेतले. फिजिओथेरपिस्टनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव दिला. पासष्टीनंतर असा व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावा, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. “रोज फिरायला जा” असे मात्र मी सांगितले नाही. बाहेर आपली वाट पाहणारे काही नसेल, तर हा नेम चौथ्या दिवशी मोडतो, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी औषधे आणण्याचे काम आईंना परत द्यायला सांगितले. मुलीने सोबत जावे, पण हात न धरता, अर्धे पाऊल मागे राहून. आईंपेक्षा मुलीलाच हे जड गेले आणि दोन बैठका तिच्याच भीतीवर खर्च झाल्या.

तिसऱ्या महिन्यात आई औषधांच्या दुकानापर्यंत एकट्या जाऊ लागल्या. बसचा प्रवास अजून जमत नाही, कदाचित जमणारही नाही. पुढच्या भेटीची वेळ मात्र त्यांनीच ठरवली, मुलीला सुट्टी कधी आहे हे न विचारता.