रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, अकरा वर्षं झाली. आधी काम लई आवडायचं. आता वर्षभर असं झालंय की तावडे हॉटेलच्या चौकात गाडी आली की पोटात गोळा येतो, आणि खरं सांगायचं तर रविवारी संध्याकाळीच ते सुरू होतं. परवा रंकाळ्यावर पोरीबरोबर भेळ खात होतो तर कामाच्या ग्रुपवर ब्लोहोल (आत हवेची भोकं) आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव मालाचे, फोटो यायला लागले, मी उत्तरं देत बसलो, पोरगी म्हणाली पप्पा तुमची भेळ मऊ पडली. दिवाळीत चार दिवस गणपतीपुळ्याला गेलो, तिथं बरं वाटलं, पण कामावर आल्यावर दुपारपर्यंत परत तेच. मागच्या आठवड्यात एका नवीन हेल्परवर इतका ओरडलो की माझा मलाच विश्वास बसेना. मित्र म्हणतात चाळिशी आली, आई म्हणते दृष्ट लागली, बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. मी आळशी झालोय का?

उत्तर : नाही हो दादा. आळशी माणूस भेळ बाजूला ठेवून ग्रुपवर उत्तरं देत बसत नाही.

तुमच्या पत्रात जे आहे त्याला बर्नआऊट म्हणतात. न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली त्यावर लेख लिहिला, आणि तो काही लांबून बघून लिहिलेला नव्हता, दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री मोफत दवाखाना असं करून तो स्वतःच आडवा झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या : अंगातलं त्राण जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याच्यानं काही नीट होत नाही असं वाटणं. थकवा सगळ्यांना येतो हो, सिझनला गुऱ्हाळावरची माणसंपण थकतात, पण ती एकमेकांवर अशी डाफरत नाहीत. मला तुमच्या पत्रात पोटातल्या गोळ्यापेक्षा त्या हेल्परची गोष्ट जास्त खटकली. कडवटपणा म्हणतात तो हाच.

आणि गंमत म्हणजे आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी सतत ताण राहिला आणि त्याची सोय लागली नाही की होणारी अवस्था म्हणते. म्हणजे नुसतं तुम्हाला दुरुस्त करून भागणार नाही. (योगा कर, सकारात्मक विचार कर, असं सांगणाऱ्यांना चहा पाजा आणि सोडून द्या.)

तरी वहिनींचं ऐका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, शुगर एवढं तपासून घ्या, कारण थकवा तिथूनही येतो. आणि सुट्टीतसुद्धा कशातच मन लागत नाही, झोप-भूक गेली, जगणं नको वाटतंय असं असेल तर हे डिप्रेशन असू शकतं, मग थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलतात. तुम्हाला गणपतीपुळ्यात बरं वाटलं म्हणजे गाठ कामातच दिसतेय.

आता फौंड्रीवाल्याला फौंड्रीचंच सांगते, माझा भाऊ यातच आहे. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतलं अस्तर, झिजलं की पॅचिंग करून (ठिगळ लावून) चार हीट, म्हणजे वितळपाच्या चार खेपा, काढता येतात, पण शेवटी भट्टी बंद करून रॅमिंग, म्हणजे नवीन अस्तर ठोकून भरणं, करावंच लागतं ना? तुमची सुट्टी हे पॅचिंग होतं. आणि नवीन लायनिंगवर कुणी पहिल्या दिवशी फुल पॉवर देत नाही, सिंटरिंग, म्हणजे अस्तर भाजून पक्कं होणं, सावकाशच होतं, तसं हे सावरायला महिने लागतात, पंधरा दिवसांत फ्रेश झालो नाही म्हणून परत स्वतःला शिव्या घालू नका.

मग काय करायचं, तर दोन आठवडे एक वही ठेवा, ज्या क्षणी गोळा येतो तेव्हा नेमकं काय घडलं ते दोन ओळीत लिहा. मी पूर्वी एका ऑफिसात होते तेव्हा मला वाटायचं काम जास्त आहे म्हणून रडू येतं, पार्किंगमध्ये गाडीवर बसून रडायचे अक्षरशः, नोकरी बदलली आणि सहा महिन्यांत तिथंही तेच, कारण समोरचा काही म्हणाला की मी हो म्हणायचे. वही लिहिली तेव्हा कळलं. तुमच्याबाबतीत मला वेगळा संशय आहे : रिजेक्शनचं (नापास मालाचं) उत्तर तुम्ही द्यायचं, पण साच्याची सँड, म्हणजे वाळू, खराब दिसली तर मोल्डिंग (साचे बनवणं) थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे का? नसेल तर जबाबदारी तुमची आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, यात भला माणूस करपतो. क्रिस्टिना मास्लाक या संशोधक बाईंनीही कामाच्या बोज्याबरोबर हातात अधिकार नसणं, मोबदला-कौतुक न मिळणं, अन्याय होणं अशी कारणं मांडलीत.

वहीत जे निघेल ते घेऊन साहेबांकडे जा, पण रडगाणं नको, एकच मागा. उदाहरणार्थ, सुट्टीच्या दिवशी फोटो शिफ्ट इनचार्जला जातील, अगदीच डिस्पॅच अडलं तर मला फोन करा, ग्रुप मी बघणार नाही. एवढंही नाही म्हणाले तर दुसरीकडे बघायला लागा, पण राजीनामा आत्ताच नको, करपलेल्या डोक्यानं एवढा मोठा निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे.

आणि त्या हेल्परला बोलावून सांगा, त्या दिवशी माझं चुकलं. त्याच्यासाठी वहीची वाट बघू नका, उद्याच्या चहालाच उरका.